चारचौघांत कानकोंडं: पार्किन्सन्समधला संकोच मोजायचा कसा?

हिंजवडीत फेज दोनमधल्या एखाद्या कंपनीचं कँटीन डोळ्यांपुढे आणा. दुपारचा एक वाजलाय. ताटांची रांग लागलेली आहे. पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांचा एक टीम लीड रांगेपासून थोडा लांब, उजवा हात पँटच्या खिशात घालून उभा आहे. सहकारी हाक मारतात, तो डाव्या हातानेच "तुम्ही व्हा पुढे" म्हणून खूण करतो. अडीच वाजता कँटीन रिकामं झालं की तो खाली येईल, कोपऱ्यातलं टेबल धरेल आणि चमच्याने वरणभात खाईल. हा माणूस कल्पनेतला आहे. पण पार्किन्सन्सच्या माणसांमध्ये ज्याची उठबस आहे, त्याला तो लगेच ओळखू येईल.

या माणसाला कुणी काही बोललेलं नाही. कुणी हसलं नाही, कुणी नोकरीवरून काढलं नाही. तरीही आजाराने त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलंय, आणि ते रक्ताच्या तपासणीत दिसत नाही, एमआरआयमध्येही दिसत नाही. इंग्रजीत याला 'स्टिग्मा' म्हणतात. आपण पुस्तकात 'कलंक' म्हणतो. घरात मात्र कुणी कलंक म्हणत नाही, घरात म्हणतात, "चारचौघांत कसंतरीच होतं." हे 'कसंतरीच' मोजायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय आहे. मोजलं नाही तर डॉक्टरांच्या कागदावर ते येत नाही, आणि जे कागदावर येत नाही त्यावर उपायही होत नाही. म्हणून हे मोजमाप मला फार मोलाचं वाटतं.

आधी आजाराबद्दल मोजकंच. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं. मेंदूच्या खोल भागात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात आणि हालचालींचा ताल बिघडतो. आपल्याकडचा जुना शब्द 'कंपवात'. पण नुसत्या कंपावर जाऊ नका. काहींना कंप नसतोच. हालचाल मंदावते, अंग ताठरतं, पाऊल जमिनीला चिकटल्यासारखं होतं, आवाज बसतो, अक्षर बारीक बारीक होत जातं, कधी लाळ गळते. यातली जवळपास प्रत्येक गोष्ट समोरच्याला दिसते, आणि तो तिचा भलताच अर्थ लावू शकतो. तोल गेला तर "दुपारीच घेतलीय वाटतं". उत्तर द्यायला वेळ लागला तर "डोकं चालत नाही आता". आणि स्नायू आखडून चेहरा मुखवट्यासारखा झाला, तर "किती माज आलाय, साधं हसत पण नाही". हा शेवटचा गैरसमज मला सगळ्यांत क्रूर वाटतो. आतून माणूस तितकाच आनंदी किंवा दुःखी असतो, फक्त चेहरा ते पोचवत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी आजोबांचा चेहरा हलत नाही, आणि नातवाला वाटतं, आजोबांना आपण आवडत नाही.

आता मोजणीकडे येऊ. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्या लागतात. लोकांनी खरोखर दिलेली वागणूक ही एक: टाळणं, टोमणा, बढतीतून वगळणं, निमंत्रण न देणं. दुसरी म्हणजे माणसाने स्वतःच्या मनात बाळगलेली धास्ती आणि शरम. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली या विषयाचा पाया घातला. पण हा फरक नीट मांडला तो ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स यांनी, १९८६ साली, लंडनमधल्या अपस्माराच्या म्हणजे फिट येणाऱ्या माणसांशी बोलून. त्यांना आढळलं ते विचार करायला लावणारं होतं. प्रत्यक्ष भेदभावाच्या घटना माणसांना फारशा सांगता येत नव्हत्या, पण भेदभाव होईल या भीतीने त्यांचं आयुष्य पोखरलं होतं. भीतीमुळे ते आजार लपवत होते, लपवल्यामुळे भेदभावाची वेळच येत नव्हती. म्हणजे ताप नाही म्हणून आजार नाही, असं इथे म्हणता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

पार्किन्सन्ससाठी जगभर सगळ्यांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली ऑक्सफर्डमध्ये तयार झाली आणि १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिचं नाव पीडीक्यू-३९. पीडी म्हणजे पार्किन्सन्स, क्यू म्हणजे प्रश्नावली आणि ३९ म्हणजे प्रश्नांची संख्या. हे प्रश्न डॉक्टरांनी खुर्चीत बसून सुचवलेले नाहीत, पार्किन्सन्स झालेल्या माणसांच्या मुलाखतींतून ते निघाले. प्रश्नांचे आठ गट आहेत: चालणं-फिरणं, रोजची कामं, मनःस्थिती, संकोच, लोकांचा आधार, विचारशक्ती, बोलणं आणि अंगदुखी. संकोचाच्या गटात चार प्रश्न येतात. त्यांचा आशय माझ्या शब्दांत सांगतो. गेल्या महिनाभरात, आपला आजार लोकांपासून लपवावा लागतोय असं किती वेळा वाटलं? चारचौघांत खाण्यापिण्याचे प्रसंग किती वेळा टाळले? आजारामुळे चारचौघांत किती वेळा ओशाळल्यासारखं झालं? आणि लोक आपल्याकडे कसं बघतील, काय म्हणतील याची काळजी किती वेळा वाटली?

प्रत्येक प्रश्नाला पाच उत्तरं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. त्यांना अनुक्रमे शून्य ते चार गुण. चार प्रश्नांचे जास्तीत जास्त सोळा. मिळालेल्या गुणांना सोळाने भागायचं आणि शंभराने गुणायचं. शून्य म्हणजे संकोच नाही, शंभर म्हणजे पराकोटीचा संकोच. शाळेतल्या गुणांच्या उलट आहे हे, इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास.

कँटीनमधल्या आपल्या टीम लीडचा कागद भरून बघू. लपवावं लागतंय असं वाटणं: नेहमी, चार. खाण्यापिण्याचे प्रसंग टाळणं: बऱ्याचदा, तीन. ओशाळणं: कधीकधी, दोन, कारण हात खिशात असल्यामुळे तशी वेळच कमी येते. लोकांच्या नजरेची काळजी: नेहमी, चार. एकूण तेरा. तेरा भागिले सोळा गुणिले शंभर म्हणजे ८१.२५. न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीत या माणसाचा आजार अजून सौम्य असेल, एकाच बाजूचा हात थरथरतो एवढंच. शरीराचा आजार पहिल्या पायरीवर आणि संकोच ऐंशीच्या वर. पन्नाशीच्या आत पार्किन्सन्स झालेल्यांमध्ये संकोच जास्त आढळतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. हिंजवडीसारख्या ठिकाणी ते समजायला कठीण नाही. इथे कॅमेरा चालू ठेवून मीटिंग होते, क्लायंट समोर असतो, टायपिंगचा वेग दिसतो आणि गृहकर्जाचा हप्ता चालू असतो.

आता हाच माणूस महिन्याभराने टीमला सगळं सांगून टाकतो असं समजा. पुन्हा कागद भरला. लपवणं शून्य. खाणं टाळणं दोन. ओशाळणं मात्र दोनवरून तीन, कारण आता हात बाहेर आहे आणि सगळे बघतात. नजरेची काळजी दोन. एकूण सात, म्हणजे ४३.७५. आकडा जवळपास निम्म्यावर आला. पण नुसती बेरीज बघणाऱ्याला हे कळणार नाही की एका प्रश्नात त्रास वाढलाय. म्हणून माझं मत असं की अंतिम आकड्याशेजारी चारही उत्तरं लिहिलेली असावीत. दोन माणसांना पन्नास-पन्नास मिळू शकतात: एकाने चारही प्रश्नांना 'कधीकधी' म्हटलं, दुसऱ्याने दोनांना 'नेहमी' आणि दोनांना 'कधीच नाही'. आकडा एकच असला तरी दोघांची दुखणी निराळी आहेत.

आणि आता खरी अडचण. कंपन्यांच्या काचा मागे टाकून माण गावाच्या बाजूला या. इथल्या एका वाड्यात, कल्पनेतलेच, बहात्तर वर्षांचे एक आबा आहेत. आजार आठ वर्षांचा. त्यांना हेच चार प्रश्न विचारले. लपवावं लागतं का? "लपवायचं काय, सगळ्या गावाला ठाऊक आहे." शून्य. चारचौघांत जेवण टाळलं? "मी कुठं जातो जेवायला?" भरणारा लिहितो, कधीच नाही, शून्य. ओशाळलात? "चारचौघांत गेलो तर ओशाळणार." शून्य. लोकांची काळजी? "लोक येत नाहीत आता फारसे." शून्य. बेरीज शून्य. कागदावर आबांना संकोचाचा काडीचाही त्रास नाही. प्रत्यक्षात दोन वर्षांत ते म्हातोबाच्या यात्रेला गेलेले नाहीत. चैत्री पौर्णिमेला बगाड निघतं, हिंजवडी-वाकडची माणसं रस्त्यावर उतरतात, आणि ज्या माणसाने उभा जन्म त्या गर्दीत काढला तो खाटेवर बसून ढोल ऐकतो.

आजाराने माणसाला घरात पूर्ण कोंडलं की प्रश्नावलीतला आकडा खाली येतो. प्रश्नावली चुकीची आहे असं नाही. तिने 'टाळलं का' विचारलं होतं आणि आबांनी टाळलंच होतं, फक्त त्याची इतकी सवय झाली की ते टाळणं आता टाळणं वाटत नाही. स्कॅम्बलर आणि हॉपकिन्स यांना लंडनमध्ये दिसलं तेच हे. या विषयावर मला एकच गोष्ट ठासून सांगायची असेल तर ती ही: संकोचाच्या गुणांत शून्य आलं तर आनंद मानण्याआधी त्या माणसाचा महिना तपासा. सोबत आणखी एक साधा प्रश्न विचारा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही जिथे जिथे जात होता, त्यांतल्या कुठे आता जात नाही? लग्न, देऊळ, भिशी, कट्टा, सोसायटीची सभा. उत्तर वेगळ्या ओळीत लिहा. ते ऑक्सफर्डच्या गुणांत मिसळू नका, नाहीतर आपला आकडा कुणाच्याच आकड्याशी जुळणार नाही.

उलट बाजूही आहे. खाणं टाळण्याचं कारण दर वेळी शरम असेलच असं नाही. पार्किन्सन्समध्ये गिळायला त्रास होतो, ठसका लागतो. ठसक्याच्या भीतीने जो लग्नात जेवत नाही तो संकोचामुळे टाळत नाही, त्याचा दोन गुणांचा 'संकोच' खरं तर घशाचा आहे. चांगला मुलाखतकार इथे थांबतो आणि "का बरं?" एवढंच विचारतो.

भाषांतराचा भाग मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण मोजमापाचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. 'पब्लिक'ला कोशातला शब्द 'सार्वजनिक ठिकाणी'. आपल्या कानाला सार्वजनिक म्हटलं की गणेशोत्सव ऐकू येतो नाहीतर शौचालय. नणंदेच्या घरी पंगतीला बसणं सार्वजनिक नसतं, पण चारचौघांत नक्की असतं, आणि आमटीची वाटी तिथेच हिंदकळते. म्हणून 'चारचौघांत'. मग ओशाळण्याचा शब्द. 'लाज वाटली का' विचारलं तर ताठ उत्तर येतं, "लाज कशाची? चोरी केलीय का?" कारण मराठीत लाज चुकीच्या कृत्याला चिकटलेली आहे. 'संकोच' सौम्य आहे, थोडा सभ्यही. मला विचाराल तर नेमका शब्द 'कानकोंडं होणं'. आपली चूक नसताना सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत आणि कुठे बघावं कळत नाही, ही अवस्था त्यात बरोबर येते. पण तो शब्द आजच्या पंचविशीतल्या मुलाखतकाराला माहीत असेलच असं नाही.

उत्तरांचे शब्दही तसेच फसवे. 'क्वचित' आणि 'कधीकधी' यांत कागदावर एका पायरीचं अंतर आहे. बोलताना दोन्हींना आपण 'कधीमधी' म्हणतो. माझ्या आत्याला पार्किन्सन्स होता. तिच्या तोंडी एकच माप असायचं, आण्यांचं. "आज चार आणे बरं वाटतंय," "काल बारा आणे हात चालला." नाणी जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण जुन्या पिढीच्या बोलण्यात रुपयाचे सोळा भाग अजून शाबूत आहेत. शून्य, चार आणे, आठ आणे, बारा आणे, पूर्ण रुपया: पाच पायऱ्या, सारख्या अंतराच्या. म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या समजावून सांगायला हे उदाहरण उत्तम आहे. छापील उत्तरांच्या जागी मात्र ते घालता येणार नाही, कारण आणे 'किती' सांगतात आणि प्रश्नावली 'किती वेळा' विचारते.

म्हणूनच प्रश्नावलीचं भाषांतर एका बैठकीत होत नाही. दोघे जण स्वतंत्रपणे मराठी करतात. दोन्ही मसुदे जुळवून एक होतो. मूळ इंग्रजी न पाहिलेला तिसरा माणूस त्याचं पुन्हा इंग्रजी करतो, म्हणजे अर्थ कुठे सांडला ते कळतं. मग काही जणांना प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तराऐवजी विचारतात, "हे ऐकून तुमच्या मनात काय आलं?" एखाद्याने 'लपवणं' ऐकून "गोळ्या लपवणं" असं सांगितलं, तर तो प्रश्न परत टेबलावर येतो. मूळ प्रश्नावलीचे हक्क ऑक्सफर्डकडे असल्याने ही सगळी कामं परवानगीने करायची असतात.

आजारी माणसाला काय म्हणायचं, हाही मोजमापाचाच भाग आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ अनेक वर्षं काम करतंय. सभा, सहली, एप्रिलमध्ये जागतिक पार्किन्सन्स दिनाचा मेळावा. त्यांच्या बोलण्यात 'रुग्ण' आणि 'केअरटेकर' हे शब्द नाहीत. आजार असलेला तो 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणारा तो 'शुभंकर'.  ज्या प्रश्नावलीच्या वरच 'रुग्णाचे नाव' छापलेलं असतं, तिने पहिल्या ओळीतच माणसाला एका खान्यात टाकलेलं असतं. खालच्या चार प्रश्नांची उत्तरं त्या खान्यातूनच येतात.

आता कागद भरण्याच्या खोलीत या. पार्किन्सन्समध्ये अक्षर आक्रसतं, हात थरथरतो, बारीक चौकटीत खूण करणं अवघड जातं. मग पेन कुणाच्या हातात जातो? बायकोच्या, सुनेच्या, मुलाच्या. प्रश्न मोठ्याने वाचला जातो, "आजार लपवावासा वाटतो का हो तुम्हाला?" आणि विचारणारीच ती असते, जिने "मुलीचं जमेपर्यंत कुणाला सांगू नका" म्हटलेलं असतं. तिच्या देखत खरं उत्तर कसं येणार? उपाय अवघड नाहीत. पाच उत्तरांची मोठ्या अक्षरांतली पाच कार्डं करायची, माणसाने फक्त बोट ठेवायचं. मुलाखतकार घरचा नसावा. घरच्यांना चहा करायला किंवा बाहेर बसायला सांगावं. आवाज बारीक असतो, म्हणून फोनवर हे करू नये. आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कोपऱ्यात लिहून ठेवावं. गोळीचा असर असताना माणूस 'ऑन' असतो, असर उतरला की 'ऑफ'. प्रश्न गेल्या महिन्याबद्दल असला तरी उत्तर देणारा माणूस या क्षणाचा असतो.

पीडीक्यूचे चारही प्रश्न माणसाच्या स्वतःच्या वाटण्याबद्दल आणि वागण्याबद्दल आहेत. समोरच्याने काय केलं, हे त्यात येत नाही. ती बाजू दुसऱ्या मापात आहे. दीर्घ आजारांमधल्या कलंकाचं, दीपा राव आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मांडलेलं चोवीस प्रश्नांचं माप मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांसाठी वापरतात. त्याची आठ प्रश्नांची छोटी आवृत्तीही आहे. माझ्याबरोबर लोक अवघडले का, मला टाळलं का, माझ्याकडे बघणं टाळलं का, मला वगळल्यासारखं वाटलं का, हा आजार जणू माझीच चूक असं कुणी वागलं का, असे प्रश्न त्यात येतात. एक ते पाच गुण, आठ प्रश्न, म्हणजे आठ ते चाळीस. पीडीक्यू जास्त आणि हे माप कमी असेल तर माणूस धास्तीत आहे पण भोवताल अजून बरा आहे, त्याला समुपदेशनाने आणि गटाने बळ मिळू शकतं. हे माप जास्त असेल तर त्या माणसाला समजावून काय उपयोग? समजावायचं ते ऑफिसला, सोसायटीला आणि घरच्यांना.

तरीही एक गोष्ट या दोन्ही मापांत नाही, आणि आपल्याकडे तीच मोठी आहे. आपल्याकडे बट्टा एकट्याला लागत नाही, घराला लागतो. सुदैवाने याचं माप बाहेरून आणावं लागत नाही, त्याचा एक धागा महाराष्ट्रातच विणला गेला. मिचेल वाइस यांनी मुंबईत कुष्ठरोगाच्या रुग्णांबरोबर काम करताना 'एमिक' नावाची मुलाखतपद्धत तयार केली, ती १९९२ साली प्रसिद्ध झाली. पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन ऑफ अँथ्रॉपॉलॉजिकल सायन्सेस या संस्थेच्या संशोधकांनी पुढे ग्रामीण महाराष्ट्रात क्षयरोगाबद्दलचा कलंक अभ्यासताना हीच वाट चोखाळली. एमिकमध्ये असे प्रश्न येतात: हे इतरांना कळू नये असं वाटतं का, लोकांच्या मनातला मान कमी झाला का, घरच्यांना याचा त्रास होईल का, लग्न जमायला अडचण येईल का. हो म्हटलं तर तीन, कदाचित म्हटलं तर दोन, सांगता येत नाही म्हटलं तर एक, नाही म्हटलं तर शून्य.

लग्नाचा हा प्रश्न पार्किन्सन्सच्या कागदावर यायलाच हवा. बहुसंख्य लोकांमध्ये हा आजार घराण्यातून आलेला नसतो, आणि तो कुणाला लागत तर नाहीच. तरी स्थळं बघायला सुरुवात झाली की वडिलांना आतल्या खोलीत बसवलं जातं. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. आत्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू मोठं असायचं. आजार वाढला तसं कुंकू लावताना बोट थरथरायचं, समोरचीच्या कपाळावर रेघ उमटायची, आणि एके वर्षी तिने करंडा सुनेच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन बसली. कुणी काही बोललं नव्हतं. कुठल्याही प्रश्नावलीत या करंड्याचा प्रश्न नाही. बायकांसाठी माप तयार करणाऱ्याने तो विचारावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आकडा हाती आला की त्याची परीक्षा घ्यायची. काही बदललेलं नसताना दोन आठवड्यांनी पुन्हा विचारलं तर साधारण तेवढाच आकडा यायला हवा. चारही प्रश्न एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, हेही बघतात. एकात वर असणारा बाकीच्यांतही साधारण वर असावा. क्रॉनबाख यांनी १९५१ साली दिलेला 'अल्फा' हा गुणांक त्यासाठी काढतात. आणि सोबत नैराश्य मोजायलाच हवं. पार्किन्सन्समध्ये नैराश्य हा आजाराचाच भाग असू शकतो, आणि संकोचाच्या आकड्याशी त्याचं नातं फार घट्ट आहे. उदास माणसाला प्रत्येक नजर बोचते. तिथे आधी नैराश्यावर उपचार झाले तर संकोचाचा आकडाही खाली येऊ शकतो.

उरली शेवटची बाजू, म्हणजे बघणाऱ्यांची. आजारी माणसालाच किती वेळा विचारणार? हिंजवडीतल्या एखाद्या कंपनीला हे करायचं असेल तर पद्धत सोपी आहे. एका सहकाऱ्याची चार ओळींची गोष्ट लिहायची: हात थरथरतो, काम चोख आहे. निम्म्या कर्मचाऱ्यांच्या कागदावर कारण 'पार्किन्सन्स' आणि निम्म्यांच्या कागदावर 'मनगटाची जुनी दुखापत'. कुणाला कोणता कागद मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. मग सगळ्यांना तेच प्रश्न. याला क्लायंटसमोर उभं कराल का? याच्या हाताखाली काम कराल का? डबा खायला बोलवाल का? नावं लिहायची नाहीत. दोन गटांच्या सरासरीत जो फरक निघेल तो कंपनीतल्या कलंकाचा आकडा. "तुम्ही भेदभाव करता का?" असं सरळ विचारलं तर सगळेच नाही म्हणतात. या पद्धतीत तसं विचारावंच लागत नाही.

कायदा इथे माणसाच्या बाजूला आहे, हे टीम लीडला सांगायला हवं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मधल्या एकवीस प्रकारांत पार्किन्सन्सचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. ठरलेल्या सवलतींसाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. समान संधी धोरण जाहीर करणं मात्र खासगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. प्रमाणपत्राचे टक्के शरीराचे असतात. कँटीनच्या रांगेतून बाजूला होण्याचे टक्के त्यात धरत नाहीत, म्हणून ते वेगळे मोजायचे.

तुमच्या घरात, शेजारी किंवा टीममध्ये पार्किन्सन्सचं कुणी असेल आणि उद्या त्यांच्या हातात असा कागद आला, तर कृपा करून तो तुम्ही भरू नका. पाच कार्डं मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्यासमोर ठेवा, चहा अर्धाच कप ओतून द्या, म्हणजे हिंदकळणार नाही, आणि खोलीबाहेर जाऊन बसा. कागद परत आल्यावर चारही उत्तरांपुढे शून्य दिसलं, तर त्याच संध्याकाळी त्यांच्याबरोबर कट्ट्यापर्यंत चालत जा.